आडकू चितारी : दोन प्रतींत

वर्ध्याहून फॉर्म आला आहे.
जिल्ह्यातले जुने चित्रकार, राणीच्या राज्यातले,
त्यांची माहिती हवी, आठ दिवसांत, दोन प्रतींत.
शाळेत चित्रकला मी शिकवतो, म्हणून तो माझ्या टेबलावर.
मी आडकूचं नाव लिहिलं. माझ्या आजोबांचा आजा.

जन्म : गदर झाला त्या साली, की त्याच्या पुढच्या.
पळस फुलला होता, एवढंच घरात नक्की ठाऊक.
शिक्षण : बापाच्या मागं उकिडवं बसून.
काजळी किती खलायची, डिंक कधी टाकायचा,
बिब्याचं काळं काढताना हात कुठवर न्यायचा.
बिबा तरी उततोच.
मरेपर्यंत त्याची उजवी दोन बोटं सोललेली होती.

प्रदर्शने.
इथं फॉर्मात चारच ओळी सोडल्या आहेत.

पहिलं पोळ्याला. पाटलाच्या बैलाच्या पुठ्ठ्यावर मोर.
तोरणाखालून मिरवत गेला,
दुपारी बैल नाल्यात बसला.

दुसरं हिंगणघाटला, कचेरीच्या ओसरीत.
राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून
तहसीलदारानं राणी मागितली, दीड हात, कापडावर.
आडकूनं राणी पाहिली होती ती रुपयावर,
तीही एकाच अंगानं. तशीच काढली.
"अरे, दुसरा डोळा?"
"तो तिकडं विलायतेकडं पाहून राह्यला जी."
बक्षीस एक रुपया.
घरी येईतो त्यानं तो तीनदा उलटून पाहिला,
मागं डोळा आहे का.

तिसऱ्याला प्रदर्शन म्हणावं का, मला कळत नाही.
जिनिंगात गठाणींवर छाप घालायचं काम निघालं.
दुसऱ्यांचे हत्ती होते, तराजू होते.
तनसुखदास शेठ म्हणाला, कोणाजवळ नसंन असं काढ.
आडकूनं वणेच्या काठचा ढोक काढला,
एक पाय वर, मान आखडलेली,
मासा दिसला न दिसला अशा वेळचा.
गोणपाटावर, बिब्यानं, गठाणीमागं एक पै.
एका हंगामात नऊशे ढोक
रेल्वेत बसून मुंबईला, तिथून बोटीत.
पुढचं गाव त्याला ठाऊक नव्हतं.
सातासमुद्रापार दर साली नऊशे चित्रं,
आणि बघायला आलेल्याच्या हातात सुरा.

मग एका आठवडी बाजारात
विलायती मलमलीचा ताका.
ताक्यावर डकवलेलं तिकीट, सोनेरी काठाचं,
आणि तिकिटात ढोक.
मान तीच. मासा दिसला न दिसला, ती वेळही तीच.
मागं मात्र तळं, तळ्यात कमळं
(वणेत कमळं कुठली),
खाली इंग्रजीत कोणाचं तरी नाव.
"हा ढोक माहा हाय," आडकू म्हणाला.
"ढोक फुकट नेजो," दुकानदार म्हणाला, "ताका घेतला तं."

तीन बाजार तो नुसता जाऊन पाहून आला.
चौथ्याला कलाराच्या भागरतानं ताका नेला, पोरीच्या लग्नासाठी,
आणि तिकीट सोलून त्याच्या हातावर ठेवलं.
"काहून रडतं रे?" तिनं विचारलं म्हणतात.
तो रडत नव्हता. निरखत होता.

रात्री दिव्याशी बसल्यावर सापडलं.
तिकडच्या माणसानं वर घेतलेल्या पायाचा गुडघा
पुढं वाकवला होता, तुमचा-माझा वाकतो तसा.
ढोकाचा मागं वाकतो.
आडकूनं काडी बिब्यात बुडवली
आणि गुडघा दुरुस्त केला.

त्यानंतरची कामं मला शोधून मिळाली नाहीत.
राणीचं कापड कचेरीच्या कोठीत वाळवीनं खाल्लं.
तिकीट आहे, तळहाताएवढं, माझ्या कंपासपेटीत.
सोनं उडालं. कमळं मळकट झाली.
काळं अजून काळंच आहे, बोट लावायची भीती वाटते.

शेवटचा रकाना : कलाकृती सध्या कोणाकडे?
बाकीच्यांचं सांगता येत नाही, मी लिहिलं.
गुडघा माझ्याकडे आहे.